वाढलेली कॉपी

१

सगळं ऑफिस त्याला तोफ म्हणायचं, तेही तोंडावर, आणि त्याला ते आवडायचं. उभ्या आयुष्यात त्याने एकही बातमी हळू आवाजात लिहिली नव्हती. टाइप करताना तो प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायचा, दोन बोटांनी बडवायचा आणि नजर कीबोर्डवरून हलू द्यायचा नाही. पडद्यावर काय उमटतंय ते बघत बसणं म्हणजे त्याच्या मते घोड्यावर बसून घोड्याच्या पायांकडे बघणं. सेव्ह करणं हा तर अपमानच. बातमी छापायची असते, साठवायला ती काय गहू आहे?

त्याची आणखी एक सवय घरच्यांच्या अंगावर यायची. ज्याने कुणी त्याला माहिती दिली, मग तो शिपाई असो, झाडूवाला असो की निलंबित इंजिनियर, त्याला तो घरचा पत्ता द्यायचा. "काही लागलं तर सरळ घरी यायचं. विचारायचं नाही." आणि लोक खरंच यायचे. सकाळी मुलगी दार उघडायची तर पायरीवर कुणीतरी अनोळखी माणूस अंग चोरून बसलेला. "बाबा, तुमचं सूत्र आलंय," ती आतल्या खोलीकडे तोंड करून सांगायची, "दूध संपलंय, काळा चहा चालेल का विचारा त्याला."

त्या दिवशीची बातमी वाचनालयाची होती. वाचनालयाच्या मोठ्या दालनाचं छत तडकलं होतं. दुरुस्त करण्याऐवजी कंत्राटदाराने खालून पांढऱ्या चौकोनी टाइल्सचं खोटं छत लटकवलं, वर भेग तशीच ठेवली, आणि उद्या सकाळी त्याच दालनाचं थाटात उद्घाटन होतं. समोर खुर्च्यांवर शाळेची मुलं बसणार होती. त्यात तोफेची नात होती, आणि ती कविता म्हणणार होती.

भेगेची गोष्ट सांगितली होती एका निलंबित इंजिनियरने. निलंबित माणूस बोलला की लोकांना आधी सुडाचा वास येतो. काचेच्या खोलीतल्या संपादकबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "पुरावा असेल तर पहिलं पान देते. नुसता संताप असेल तर वाचकांच्या पत्रात टाकते."

म्हणून तोफ जास्तच जोरात बडवत होता. डोक्यावर त्याच कंत्राटदाराने ठोकलेलं तसलंच पांढरं छत होतं. महिन्याभरापूर्वी मालकांनी ते बसवून घेतलं आणि त्यापायी तोफेचा जुना, घरघर करणारा, प्रामाणिक पंखा गेला. तेव्हापासून कीबोर्डवर अधूनमधून पांढरा भुगा पडायचा. तो फुंकर मारायचा, कंत्राटदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढायचा आणि पुढे लिहायचा.

"या भेगेवर पांढरं पांघरूण घालून प्रशासनाने," असं म्हणत त्याने 'प्रशासनाने' हा शब्द बडवला, आणि कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला.

२

मशीनवाला आला तो कानात इयरफोन घालूनच. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात होते आणि जगातल्या कुठल्याच गोष्टीने तो हबकत नसे.

"काका, सेव्ह केलं होतं?"

"जेवताना तू प्रत्येक घास लिहून ठेवतोस का?"

"म्हणजे नाही केलं." त्याने खुर्ची ओढली. "काळजी करू नका. मशीन तुमच्यापेक्षा शहाणं असतं. तुम्ही ठेवलं नाही तरी ते मधूनमधून आपलं आपण ठेवतं."

पडद्याच्या डाव्या बाजूला एक पट्टी उघडली. तिच्यात एकच फाइल. मशीनवाल्याने ती उघडली आणि सबंध बातमी परत आली, अगदी 'प्रशासनाने' या शब्दापर्यंत. तोफेला इतका आनंद झाला की त्याने मशीनवाल्याच्या पाठीवर जी थाप मारली तिने इयरफोन खाली पडला.

मग त्याने सवयीप्रमाणे कॉपी, म्हणजे लिहून झालेली बातमी, मोठ्याने वाचायला घेतली. पहिला परिच्छेद ठणठणीत. दुसरा त्याहून. तिसऱ्याच्या आधी मात्र तो अडखळला.

"'खुर्च्या लावून झाल्या आहेत. मधली रांग भेगेच्या बरोबर खाली येते.'" त्याने मान वर केली. "हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?"

"तेच विचारतोय."

"काका," मशीनवाला इयरफोन पुसत म्हणाला, "तुम्ही पडद्याकडे बघतच नाही. तुम्ही काय लिहिता हे तुम्हाला कुठे माहीत असतं?"

हे मात्र वर्मी लागलं. कारण ते खरं होतं. शपथेवर सांगायची वेळ आली असती तर तोफेला एवढंच सांगता आलं असतं, की हे वाक्य आपण तोंडाने म्हटलं नाही. आणि तोंडाने न म्हटलेलं वाक्य त्याच्या बोटांतून कधी उतरलं नव्हतं.

३

त्याने मुलीला फोन लावला. वाचनालयात तो दुरुस्तीनंतर गेला नव्हता. तिथे खुर्च्या आल्यात की नाहीत याचा त्याला पत्ता नव्हता.

"आल्यात की," मुलगी म्हणाली. "सकाळी तालमीला मीच सोडून आले तिला. आपली बाईसाहेब मधल्या रांगेत आहे. कोपऱ्यात नाही बसवलं म्हणून स्वारी खूश आहे."



"उद्या पाठवू नकोस तिला."

"झालं सुरू. बाबा, तुम्हाला प्रत्येक छतात भेग दिसते. शाळेच्या छतात दिसली, दवाखान्याच्या दिसली. माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा दिसली होती."

"मांडव पडला होता."

"जेवणं झाल्यावर पडला. आणि तुम्हीच खांबाला टेकून भाषण ठोकत होतात." ती हसली, मग जरा थांबली. "हे बघा, ती पंधरवडा कविता घोकतेय. तुम्ही म्हणता म्हणून मी तिला घरी बसवणार नाही. छापून आणा. छापलंत तर नाही पाठवत."

फोन ठेवून तोफेने स्वतःची उलटतपासणी घेतली. दुसऱ्यांची घेण्यात हयात गेल्यामुळे ते काम त्याला छान जमायचं. इंजिनियरने बोलण्याच्या ओघात खुर्च्यांचं काही सांगितलं असेल, आपण नकळत टाइप केलं असेल. वय झालंय, कबूल. पण इंजिनियर भेटला तेव्हा खुर्च्या यायच्या होत्या. बरं, अंदाज केला असेल. पण अंदाजाने लिहायला आपण काय हवामान खात्यात आहोत?

शेवटी त्याने ते वाक्य पुसून टाकलं, या वेळी पडद्याकडे टक लावून, आणि मुद्दाम कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

कॉम्प्युटर बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बाकीचे वार्ताहर बाहेर, मशीनवाला चहाला. तोफेने बघितलं होतं तसं ती पट्टी उघडली, फाइल उघडली. वाक्य जागच्या जागी होतं आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काही आलं होतं.

'भेग भिंतीपासून भिंतीपर्यंत आहे. तिच्यात रंगाऱ्याचा रबरी हातमोजा कोंबला आहे. बोटे बाहेर राहिली आहेत. येथून ती नीट दिसतात.'

"येथून म्हणजे कुठून?" तोफेने खेकसून विचारलं. वार्ताहराला विचारावा तसाच, कारण प्रश्न रास्त होता.

डोक्यावर कुठेतरी टाइल्स धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीने टक् केलं, आणि कीबोर्डवर चिमूटभर पांढरा भुगा पडला.

४

मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कात्री.

कात्री म्हणजे डेस्कवरचे जुने मुख्य उपसंपादक. तोफेच्या कॉपीला त्यांनी आयुष्यभर कापलं, म्हणून ते नाव. रोज संध्याकाळी दोघांचं असं वाजायचं की खालच्या मजल्यावरचा शिंपी काम थांबवून ऐकायचा. दोन वर्षांपूर्वी कात्री निवृत्त झाले आणि तोफेने पेढे वाटावेत तसा चेहरा करून आठवडाभर सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. हल्ली म्हणे घरी बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसता येतं. म्हातारा घुसला असणार.

"साहेब, खोड गेली नाही तुमची," त्याने फोनवर सुरुवातच केली. "माझ्या कॉपीत बोटं घालणं बंद करा."

"कसली कॉपी?"

"भोळेपणा नको. वाचनालयाची. मधे मधे वाक्यं घुसडताय."

पलीकडून कात्रींचा तो कोरडा, कागदासारखा आवाज: "वाक्यं घुसडली? म्हणजे कॉपी वाढली?"

"वाढलीच की."

"अरे गाढवा," कात्री म्हणाले, "माझ्या हातून तुझी कॉपी कधी वाढली होती का?"

तोफेने पडद्याकडे वळून ती वाक्यं पुन्हा वाचली, मोठ्याने न म्हणता. हे असं फार क्वचित व्हायचं.

"तू जागचा हलू नकोस," कात्री म्हणाले. "येतो मी. तसाही घरी बसून सुनेच्या वाणसामानाच्या यादीतले शब्द कापत होतो."

ते मागच्याच गल्लीत राहायचे. काठी टेकत, चष्मा कपाळावर चढवून आले, तोफेच्या खुर्चीमागे पूर्वीसारखे उभे राहिले आणि चष्मा नाकावर ओढून कॉपी वाचली. वाचताना त्यांची बोटं खुर्चीच्या पाठीवर आपोआप कापायच्या जागा मोजत होती.

"बातमी बरी आहे," ते म्हणाले. "संताप अर्धा कर. 'निगरगट्ट' तीनदा आलंय, एक ठेव."

"आणि ती वाक्यं?"

"ती उत्तम आहेत. म्हणूनच तुझी नाहीत." त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. "एक विशेषण नाही त्यांत. कुणीतरी बघून लिहिलंय."

"तिथे वर बघायला माणूस जाईल कसा? त्या टाइल्सवर मांजर बसलं तरी खाली येईल."

"ते मला नको सांगू. बातमीत आहे, म्हणजे तपासायचं. साक्षीदार कुठून बघतोय ते नंतर. आधी हातमोजा आहे का ते बघू. चल."

५

वाचनालयाचं दालन नव्या रंगाच्या वासाने भरलं होतं. उंच खिडक्यांतून दुपारचं ऊन सरळ खुर्च्यांवर पडलं होतं. खुर्च्या रांगेत, एकीमागे एक जुळवून, प्रत्येकीवर मुलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मधल्या रांगेत तोफेला नातीचं नाव दिसलं. तिने नावापुढे स्वतःच एक फूल काढलं होतं. त्याने वर बघितलं. पांढरे चौकोन, पांढरे चौकोन, एकसारखे, शांत, जणू तिथे काही नव्हतंच कधी.

कंत्राटदाराचा देखरेख्या दारातच आडवा आला. "आज बंद आहे. उद्या या, रिबन कापल्यावर."

"बंद आहे तर तू आत काय करतोस?" तोफेला असा माणूस म्हणजे मेजवानी. "परवाना दाखव. छताचा नकाशा दाखव. तुझ्या साहेबाला फोन लाव. नाव काय तुझं? थांब, स्पेलिंगसकट सांग."

पुढची काही मिनिटं दालन दणाणून गेलं. देखरेख्या मागे मागे सरकत भिंतीला लागला. आणि या गदारोळात कात्री शांतपणे मधल्या रांगेत गेले, रंगाऱ्यांनी तिथे ठेवलेल्या दुहेरी शिडीवर चढले आणि काठीच्या टोकाने डोक्यावरची एक टाइल उचलून बाजूला सारली. त्यांच्या वयाच्या मानाने ते फार सफाईने झालं.

"तोफ," त्यांनी हाक मारली. "ओरडणं आवर आणि फोनचा दिवा घेऊन ये."

तोफ शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढला. दोघांची डोकी त्या काळ्या चौकोनात गेली. वरचा काँक्रीटचा बीम हाताच्या अंतरावर होता आणि त्याच्यातून भेग धावत गेली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. बरोबर मधोमध गुलाबी रबरी हातमोजा कोंबलेला होता. पाचही बोटं बाहेर. बाहेर एखादी गाडी गेली की ती जराशी थरथरत.

देखरेख्या खालून ओरडत होता, "उतरा, उतरा, त्या टाइल्सना हात लावू नका, कागदासारख्या आहेत त्या."

"दिसला," तोफ पुटपुटला आणि फोटो काढू लागला. त्याला हसू येत होतं. त्याला नाचावंसं वाटत होतं. पहिलं पान, पाच कॉलम.

"तिकडे दिवा धर," कात्री म्हणाले. त्यांचा आवाज बदललेला होता.

दोन टाइल्स पलीकडे, जिथून खालच्या रांगा सरळ दिसल्या असत्या, तिथे पांढऱ्या भुग्याचा जाड थर होता. सगळीकडे सारखा, ताज्या चादरीसारखा. फक्त एका टाइलवर तो दोन ठिकाणी पुसला गेला होता. शेजारी शेजारी, दोन लहान गोल जागा. पालथं पडून, हनुवटी हातांवर ठेवून, कुणी फार वेळ कोपरं टेकवावीत तशा.

त्या जागांपर्यंत आलेली दुसरी एकही खूण नव्हती. तिथून गेलेलीही नव्हती.

कात्रींनी टाइल जागेवर सरकवली. खाली उतरल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाले, "याचा फोटो नाही ना काढलास?"

"नाही."

"बरं केलंस. जागा नाही आज."

६

संपादकबाईंनी हातमोज्याचा फोटो बघितला आणि पहिल्यांदाच काचेच्या खोलीतून बाहेर येऊन तोफेशी हस्तांदोलन केलं. "लिहा. पण एक सांगा, वर बघा हे सुचवलं कोणी? मालक मला विचारणार. सूत्र कोण?"

तोफेने कात्रींकडे बघितलं. कात्रींनी छताकडे बघण्याचं टाळलं.

"आहे एक," तोफ म्हणाला. "नाव न छापण्याच्या अटीवर."

"विश्वासू?"

"बाई, आजवर इतका अचूक साक्षीदार मला मिळाला नाही."

दोघं टेबलाशी बसले. तोफ बडवत होता, कात्री कापत होते, जुन्या दिवसांसारखं. "'कोडग्या' काढ." "नाही काढत." "मग 'निगरगट्ट' काढ." "त्यापेक्षा माझा हात काढा." खालचा शिंपी जिन्यात येऊन ऐकून गेला. मशीनवाला टेबलाखाली वायरी तपासत बसला होता, सगळं ठीक आहे म्हणत होता. बातमी पुरी झाली, संपादकबाईंच्या खोलीत पोचली, पानावर चढली. आणि तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडून सुरू झाला.

"आता गेलं तरी हरकत नाही," मशीनवाला टेबलाखालून म्हणाला. "तरी बघतो काय राहिलंय."

"तू राहू दे," तोफ म्हणाला आणि स्वतः पट्टी उघडली.

फाइलीत बातमी नव्हती. चारच वाक्यं होती.

'येथूनही दिसते. एक टक्कल. एक चष्मा, कपाळावर. एकाचे फक्त पाय.'

तोफेचा हात आपोआप आपल्या डोक्यावर गेला. कात्रींचा चष्म्याकडे. टेबलाखालून मशीनवाल्याचे पाय बाहेर आलेले होते, आणि तो एका पायाने गाण्याचा ठेका धरत होता.

वर टक् झालं. दोघांनीही वर पाहिलं नाही. भुगा मात्र पडला, मूठभर, आणि कात्रींच्या बाहीवर बसला. त्यांनी तो झटकला.

"विशेषण नाही," ते हळूच म्हणाले. "एकही नाही."

७

उद्घाटन रद्द झालं. सकाळी लोकांनी वर्तमानपत्र घेऊन वाचनालयाला गराडा घातला, दुपारी टाइल्स उतरवल्या, आणि हातमोजा काढताच बीमचा एक तुकडा खाली आला तो मधल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांवर. कुणाला ओरखडा नाही. कंत्राटदार परगावी गेल्याचं त्याच्या बायकोने सांगितलं. नातीने तिची कविता वाचनालयासमोरच्या बागेत म्हटली, बाकावर उभी राहून, आणि एक कडवं विसरली तरी टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच पडल्या. मुलीने तोफेच्या गळ्यात पडून सांगितलं, "बाबा, पुढची दहा छतं तुमच्या शब्दावर." घासाघीस करून तोफेने ती वीस करून घेतली.

ऑफिसचं छतही काढायचं ठरलं. तोफेने स्वतः उभं राहून काढून घेतलं. एक एक पांढरा चौकोन खाली येत गेला आणि वर जुना, काळवंडलेला, ओळखीचा स्लॅब उघडा पडत गेला. त्यात भेग नव्हती. तोफेच्या खुर्चीच्या बरोबर वरची टाइल मजुराने खाली दिली तेव्हा तोफेने तिची वरची बाजू बघितली. भुग्यात तशाच दोन लहान गोल जागा होत्या. मग कुणी बघायच्या आत ती बाजू भिंतीकडे करून त्याने टाइल ठेवून दिली.

पंखा परत लागला. घरघर सुरू झाली. तोफेने समाधानाने डोळे मिटले, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला.

पट्टीत एक फाइल. फाइलीत एक ओळ.

'आता मी कुठे राहू?'

तोफेने ती ओळ दोनदा वाचली. त्याला भीती वाटायला हवी होती आणि थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त वाटला संकोच. ज्याच्यामुळे मधली रांग वाचली, त्याचं आपण घर उतरवलं. नाव छापलं नाही, आभार मानले नाहीत, चहासुद्धा विचारला नाही. सूत्राशी असं वागणारे वार्ताहर त्याने बघितले होते आणि त्यांना तो माणसात धरत नसे.

त्याने दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. नजर खाली. आणि मोठ्याने म्हणत, नेहमी म्हणायचा तेच बडवलं.

"काही लागलं तर सरळ घरी यायचं. विचारायचं नाही."

खाली पत्ता दिला. पिनकोडसकट. आणि हयातीत पहिल्यांदा, कुणी न सांगता, सेव्ह केलं.

८

त्यानंतर ऑफिसातला कॉम्प्युटर एकदाही आपण होऊन बंद पडला नाही. मशीनवाल्याने याचं श्रेय नव्या वायरीला दिलं. कात्री रोज दुपारी येऊन फुकट कापाकाप करू लागले. तोफ चार दिवस घरी जरा दबकून वावरला, पायरीवर कुणी बसलंय का बघत राहिला. पायरी रिकामी होती. पाचव्या दिवशी तो आपल्या मूर्खपणावर खदखदून हसला आणि विसरला.

रविवारची सकाळ होती. मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत गाणं म्हणत होती. तोफ बाहेरच्या खोलीत इतर वर्तमानपत्रं वाचून त्यांच्या चुकांवर लाल खुणा करत होता. नातीच्या खोलीतून तिचं टाइप करणं ऐकू येत होतं. तीही आजोबांसारखी मोठ्याने म्हणत टाइप करायची. शाळेत निबंध द्यायचा होता, 'माझे घर'. तिची खोली घरातली सगळ्यात उबदार. खोलीवर लाकडी माळा होता, त्यात तोफेची चाळीस वर्षांची कात्रणं, गठ्ठे बांधून.

टाइप करणं थांबलं. "अय्या, बंद पडला," नात म्हणाली.

तोफ लाल पेन हातात घेऊन तसाच उठला. दारापर्यंत गेला तोवर तिने स्वतःच सगळं सुरू केलं होतं. हल्लीच्या पोरांना हे आईच्या पोटातूनच येतं.

"निबंध आला परत, आजोबा. आख्खा आला. सेव्ह पण नव्हता केला मी." ती आनंदाने खुर्चीत उड्या मारत होती. "उलट जास्तच आलाय. एवढा तर मी लिहिलाच नव्हता."

तिच्या केसांवर आणि कीबोर्डवर थोडीशी धूळ पडली होती. जुन्या कागदाची असते तशी, पिवळट.

"वाचून दाखवू?" तिने विचारलं आणि होकाराची वाट न बघता, बाकावर उभी राहून कविता म्हणावी तशा खणखणीत आवाजात वाचलं, "'आमचे घर वरून पाहिले की फार छान दिसते. येथे मला कोणी काही विचारत नाही.'"

माळ्याच्या फळीने टक् केलं.

स्वयंपाकघरातलं गाणं चालूच होतं. नातीने वळून आजोबांकडे बघितलं. दुसऱ्याच्या कॉपीला आजवर त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

"छान आहे ना?"

तोफ तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. एक हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला, पसरून, जितकं झाकता येईल तितकं.

"छान आहे," वर न बघता तो म्हणाला. "सेव्ह कर."